वेणीची सावली आणि टीबीचा आकडा

छातीचा एक्स-रे काढायला आलेल्या बाईला टेक्निशियन आधी मंगळसूत्र उतरवायला सांगतो आणि लगेच म्हणतो, 'वेणी वर बांधा.' मंगळसूत्राचं कारण कुणालाही कळतं. धातू फिल्मवर पांढराशुभ्र उमटतो. वेणीचं मात्र अनेकींना नवल वाटतं. केस कुठे एक्स-रेत दिसतात? सुटे केस सहसा दिसत नाहीत. पण घट्ट घातलेली जाड वेणी, त्यातही ओली किंवा तेलात भिजलेली, खांद्यावर रुळत असेल तर फुफ्फुसाच्या शेंड्यावर धूसर पांढुरका पट्टा उमटवते. आणि प्रौढांच्या फुफ्फुसातला टीबीही बहुतेकदा त्या शेंड्याच्या भागातच घर करतो.

रेडिओलॉजिस्ट असा पट्टा दिसल्यावर त्याचा माग काढत वर जातो. पट्टा फुफ्फुसाची हद्द ओलांडून मानेत शिरलाय असं दिसलं, की विषय संपला. फुफ्फुसातला डाग फुफ्फुसाबाहेर फिरायला जात नाही. तरी शंका राहिली तर केस वर बांधून दुसरी फिल्म मागवतो. एक्स-रे वाचून टीबीचा संशय आकड्यात सांगणाऱ्या एआय सॉफ्टवेअरला मात्र वेणी ही वस्तूच ठाऊक नसते. शिकवताना दाखवलेल्या फिल्ममध्ये पुरेशा वेण्या असतील आणि त्यांच्यावर 'टीबी नाही' असं लिहिलेलं असेल, तर ते त्या पट्ट्याकडे काणाडोळा करायला शिकलेलं असतं. नसतील, तर शेंड्यावर पांढरं काहीतरी आहे एवढंच त्याला कळतं, आणि आकडा वर जातो.

वैद्यकीय चित्रं वाचणाऱ्या एआयच्या बहुतेक मर्यादा याच जातीच्या आहेत. त्या समजून घ्यायला छातीचा एक्स-रे आणि टीबी हेच उदाहरण धरू, कारण गावपातळीवर सामान्य माणसाची या तंत्राशी गाठ पडते ती बहुधा इथेच.

आधी त्याच्या बाजूनं बोलू. भारतात २०१९ ते २०२१ या काळात टीबीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात नुसती लक्षणं विचारली असती आणि एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणजे खोकला नसलेल्यांचेही एक्स-रे काढायला हवेत, आणि लाखोंनी काढले तर ते वाचायला तेवढे रेडिओलॉजिस्ट आणायचे कुठून? हा पेच लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये टीबीच्या चाळणी तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं एक्स-रे वाचायला मान्यता दिली, १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी. मुंबईच्या क्युअर डॉट एआयचं क्यूएक्सआर हे अशा सॉफ्टवेअरपैकी एक. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रं आणि सोबत एआय अशी जोडी वस्त्यावस्त्यांत फिरली. तेव्हा हे चालत नाही असं नाही. फक्त ते चाळणीचं काम आहे, निदानाचं नाही. चाळणी घेताना तिची भोकं केवढी आहेत ते आपण बघतोच.

चित्र यंत्रापर्यंत पोचतं तेव्हा

डिजिटल एक्स-रेचं मूळ चित्र दोन-तीन हजार पिक्सेल रुंद आणि तेवढंच उंच असतं. १२ बिटच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला करड्या रंगाच्या ४,०९६ छटा असू शकतात. संगणकाला एवढं मोठं चित्र पचवणं जड जातं, म्हणून ते आधी लहान करतात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चेक्सनेट या ज्या एक्स-रे वाचणाऱ्या एआयचा खूप बोलबाला झाला, ते चित्र २२४ बाय २२४ पिक्सेलवर आणून वाचत होतं. ३५ सेंटिमीटर रुंदीचं चित्र २२४ चौकटींत बसवलं, तर एक चौकट दीड मिलिमीटरहून मोठी होते. आता न्यूमोथोरॅक्सचा विचार करा. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्या मध्ये हवा शिरते आणि फुफ्फुस आकसतं. लहानशा न्यूमोथोरॅक्सची एक्स-रेवरची खूण काय, तर केसासारखी बारीक रेघ. ती दीड मिलिमीटरच्या चौकटीत विरघळून जाते. आजची बाजारातली सॉफ्टवेअर याहून मोठी चित्रं वापरतात, पण बारीक रेघ आणि बारीक गाठ ही त्यांचीही दुखरी जागा असते. चित्र वाटेत कुणी जेपीईजी करून पाठवलं असेल तर ४,०९६ छटांच्या २५६ झालेल्या असतात, ते वेगळंच.

त्याआधी मुळात फिल्म नीट निघायला हवी. 'श्वास घ्या... धरून ठेवा...' या दोन शब्दांवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. पूर्ण श्वास भरला असेल तर मागच्या बाजूच्या नऊ-दहा फासळ्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या वर मोजता येतात. सात-आठच दिसत असतील तर फुफ्फुसाचा खालचा भाग दाबला जाऊन पांढरट दिसतो आणि न्यूमोनियासारखा भासतो. माणूस थोडा तिरका उभा राहिला तर एक बाजू काळी, दुसरी पांढरी. हे ओळखायला दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते पाहतात. उभ्या माणसाची नेहमीची फिल्म पाठीमागून किरण सोडून, साधारण सहा फुटांवरून काढतात. खाटेवरच्या रुग्णाची पोर्टेबल यंत्रानं पुढून आणि जवळून काढतात, त्यात हृदय आहे त्याहून मोठं दिसतं आणि खांद्याची पाती फुफ्फुसावर येतात. अनुभवी डोळा हे सगळं मनातल्या मनात वजा करतो. सॉफ्टवेअर ते कितपत वजा करतं, हे त्याला कुठल्या फिल्म दाखवल्या होत्या यावर ठरतं.

हातातल्या यंत्राची आणखी एक अडचण. ते काही किलोंचं, बॅटरीवर चालणारं असतं, त्यामुळे त्याची ताकद बेताची. स्थूल माणसाची छाती भेदायला किरण कमी पडतात, चित्र दाणेदार येतं. वाढीव वेळ दिला तर हललेलं येतं. दाणेदार चित्रात सॉफ्टवेअरला डागही दिसू शकतात आणि खरे डाग बुडूही शकतात. काही सॉफ्टवेअर 'चित्र वाचण्याजोगं नाही' असं स्पष्ट सांगतात. तसं न सांगता निमूट आकडा देणारं सॉफ्टवेअर जास्त धोक्याचं.

शॉर्टकट

एआयला एक्स-रे वाचायला शिकवणं म्हणजे लाखभर फिल्म दाखवायच्या आणि प्रत्येकीसोबत उत्तर द्यायचं. फिल्मवरून उत्तरापर्यंत कसं पोचायचं ते त्यानं स्वतःच शोधायचं. इथेच खरी मेख आहे. त्याला आजार शोधायला कुणी सांगितलेलंच नसतं, उत्तर बरोबर आणायला सांगितलेलं असतं. दुसरी सोपी वाट सापडली तर ते तीच धरतं. पेपर सोडवण्याऐवजी गाईडमधल्या 'अपेक्षित प्रश्नां'वर भिस्त ठेवणारा विद्यार्थी आपल्या ओळखीचा आहेच.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. तीन ठिकाणांहून मिळून दीड लाखाहून जास्त छातीचे एक्स-रे घेतले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या फिल्ममध्ये न्यूमोनियाचं प्रमाण ३४ टक्के होतं, कारण त्यात दाखल झालेले गंभीर रुग्ण भरपूर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या फिल्ममध्ये जेमतेम एक टक्का. दोन्हीकडच्या फिल्म एकत्र करून शिकवलेल्या एआयला न्यूमोनिया ओळखण्याची गरजच काय? फिल्म कुठल्या रुग्णालयाची हे ओळखलं तरी निम्मं काम झालं. आणि कुठल्या रुग्णालयाची फिल्म, हे तसं एआय ९९.९ टक्क्यांहून जास्त वेळा ओळखू शकत होतं. कोपऱ्यातली धातूची खूण, चित्राच्या कडा, यंत्राची प्रक्रिया, कशावरूनही. हेच एआय इंडियानात, म्हणजे त्यानं कधी न पाहिलेल्या तिसऱ्या ठिकाणी नेलं, तेव्हा त्याची कुवत ०.९३१ वरून ०.८१५ वर आली. हा आकडा असा वाचायचा: एक आजारी आणि एक निरोगी अशा दोन फिल्म कुठूनही उचलल्या, तर आजाऱ्याला जास्त गुण देण्याची शक्यता आधी शंभरात ९३ होती, आता ८१-८२. नाणं उडवलं तरी ५० येतात.

याहून बोचरं उदाहरण न्यूमोथोरॅक्सचं. एक लाख बारा हजार फिल्मच्या एका प्रसिद्ध सार्वजनिक संग्रहात न्यूमोथोरॅक्स असलेल्या बहुतांश रुग्णांच्या छातीत हवा काढायची नळी आधीच घातलेली होती. एआय ती नळी बघायला शिकलं. नळी असलेल्या फिल्मवर कुवत ०.९४, नळी नसलेल्यांवर ०.७७. नळी घातलेल्याचा आजार डॉक्टरला माहीत आहे म्हणूनच तर नळी घातली! ज्याला मदतीची खरी गरज आहे, तो अजून नळी न घातलेला रुग्ण, आणि त्याच्याच बाबतीत यंत्र कच्चं. पण सगळ्यांची सरासरी काढून छापलेला आकडा ०.८७ आणि दिसायला छान.

कोविडच्या काळात तर या शॉर्टकटचं पीकच आलं. २०२० मध्ये एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखणाऱ्या एआयचे हजारो शोधनिबंध आले. पुढच्या वर्षी त्यातले २,२१२ चाळून पाहणाऱ्या एका आढाव्यात ६२ तपशिलात तपासण्याजोगे निघाले, आणि त्यातलं एकही प्रत्यक्ष वापरायच्या लायकीचं ठरलं नाही. काहींनी 'कोविड नसलेल्या' गटासाठी सहज मिळणारा एक संग्रह उचलला होता. तो होता एक ते पाच वर्षांच्या मुलांचा. कोविडच्या फिल्म मोठ्या माणसांच्या. एआय इमानेइतबारे मूल आणि मोठा माणूस वेगळे करत होतं आणि छापलं जात होतं, 'कोविड ओळखला.'

उत्तरंही कुठून येतात ते पाहायला हवं. लाखभर फिल्म रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेणं कुणाला परवडणार? म्हणून बऱ्याच मोठ्या संग्रहांत जुन्या रिपोर्टच्या मजकुरातून सॉफ्टवेअरनंच उत्तरं वेचलेली असतात. 'न्यूमोनिया असू शकतो, लक्षणांशी पडताळून पाहावं' या वाक्याचं उत्तर काय लिहायचं, होय की नाही? रिपोर्ट लिहिणाऱ्यानं मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा इथे बुजते.

०.६२ म्हणजे ६२ टक्के नव्हे

टीबीचं सॉफ्टवेअर एक आकडा देतं. काहींचा ० ते १, काहींचा ० ते १००. रिपोर्टवर ०.६२ दिसलं की घरचे लोक 'साठ टक्के टीबी आहे' असं समजून हवालदिल होतात. तसा त्याचा अर्थ नाही. आकडा जितका मोठा, तितकी ही फिल्म शिकवणीतल्या टीबीच्या फिल्मसारखी दिसते, एवढंच. एका कंपनीचं ०.६ आणि दुसऱ्या कंपनीचं ०.६ यांची तुलना होत नाही. एकाच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी त्याच फिल्मला वेगळा आकडा येऊ शकतो.

मग कितीच्या वर गेलं की थुंकी तपासायला पाठवायचं? ही रेघ, म्हणजे उंबरठा, माणसांनी ठरवायचा असतो आणि तो जागोजागी वेगळा असायला हवा. हिशेब करून पाहू. असल्या चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी, की १०० खऱ्या रुग्णांतले ९० पकडावेत आणि १०० निरोगी माणसांतले निदान ७० सोडून द्यावेत.

वस्तीत घरोघर जाऊन १,००० प्रौढ तपासले. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार लाखात साधारण ३१६, म्हणजे हजारात सुमारे ३ जणांना फुफ्फुसाचा टीबी असेल. यंत्र ते बहुतेक तिघेही पकडेल. पण उरलेल्या ९९७ पैकी ३० टक्के, म्हणजे २९९ निरोगी लोकांनाही बोट दाखवेल. तीनशे जणांच्या थुंकीच्या तपासण्या, त्यात तीन रुग्ण. आता हेच सॉफ्टवेअर, हाच उंबरठा, पण छातीच्या ओपीडीत, जिथे खोकल्याच्या हजारात समजा १०० जणांना टीबी आहे. तिथे ९० सापडतील, १० निसटतील, २७० उगाच पाठवले जातील. म्हणजे पाठवलेल्या चारांत एक खरा. यंत्रात तसूभरही बदल नाही, तरी वस्तीत शंभरातला एक खरा आणि ओपीडीत चारातला एक. कंपनीच्या माहितीपत्रकावर हा फरक कधी दिसत नाही.

उंबरठा वर नेला तर उगाच जाणारे कमी होतात आणि निसटणारे वाढतात. जिल्ह्याला महिन्याला ट्रूनॅटच्या किती चिप मिळणार, यावरही तो ठरतो. हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं यंत्र, जे थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए साधारण तासाभरात शोधतं. उंबरठा ठरवण्याची शिस्तशीर पद्धत अशी: त्या भागातल्या काही शे लोकांची फिल्म काढायची आणि आकडा काहीही येवो, सगळ्यांची थुंकी तपासायची. मग कुठल्या आकड्यावर किती खरे सुटतात आणि किती खोटे अडकतात ते मांडून रेघ ओढायची. सॉफ्टवेअर बदललं, यंत्र बदललं की हे पुन्हा. कटकटीचं आहे, म्हणून बरेचदा कंपनीनं दिलेला उंबरठाच चालवला जातो.

ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय त्यांच्याबाबत तर विशेष जपायला हवं. बरा झालेला टीबी फुफ्फुसात व्रण ठेवून जातो, आणि तो व्रण यंत्राला चालू आजारासारखाच दिसतो. ढाक्यात सुमारे २४ हजार लोकांच्या फिल्मवर पाच सॉफ्टवेअर ताडून पाहिली, तेव्हा आधी टीबी झालेले आणि वयस्क लोक या दोन्ही गटांत पाचांचीही कामगिरी घसरली. रेडिओलॉजिस्ट इथे एकच प्रश्न विचारतो: 'जुनी फिल्म आणलीय का?' दोन वर्षांपूर्वीचा डाग आजही तसाच असेल तर तो बहुधा व्रण, नवा असेल किंवा पसरला असेल तर पुढचं पाहा. बहुतेक सॉफ्टवेअरसमोर आजची एकच फिल्म असते. दगडखाणीत काम केलंय का, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि सिलिकोसिसचे, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचे, डागही वरच्याच भागात येतात.

न विचारलेलं आणि न दिसणारं

टीबीसाठी घडवलेलं सॉफ्टवेअर टीबीपुरतं बोलतं. त्याच फिल्ममध्ये मोडलेली फासळी असेल, श्वासपटलाखाली हवा असेल, म्हणजे आतडं फुटल्याची खूण, तर ते चूप राहू शकतं, आणि 'टीबी नाही' हा हिरवा शिक्का 'सगळं ठीक' असा वाचला जातो. मानेतल्या गाठीचा, मणक्याचा टीबी छातीच्या फिल्ममध्ये दिसेलच असं नाही, तो दोष यंत्राचा नाही. एचआयव्ही असलेल्यांमध्ये टीबी असूनही फिल्म साफ दिसू शकते.

हे सगळं असलं तरी शेवटी डॉक्टर बघणारच आहे ना, असं म्हणता येईल. पण यंत्राचं उत्तर आधी दिसलं की डॉक्टरची नजरही त्याच्या कलानं जाते. २०२३ च्या एका प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचायला दिले आणि मुद्दाम काही ठिकाणी एआयचं उत्तर चुकीचं दाखवलं. एआय बरोबर असताना नवख्यांची उत्तरं ८० टक्के बरोबर होती, एआय चुकल्यावर ती २० टक्क्यांवर आली. मुरलेल्यांचीही ८२ वरून ४५ वर. म्हणून काही ठिकाणी डॉक्टरनं आधी स्वतःचं मत नोंदवायचं आणि मगच एआयचं उघडायचं, असा क्रम ठेवतात. थोडा वेळ जातो, पण हा क्रम योग्य आहे.

फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाइलवर फोटो काढायचा आणि एखाद्या चॅटबॉटला 'यात काय आहे?' विचारायचं, ही सवय आता घरोघरी आहे. त्या फोटोत पंख्याचं प्रतिबिंब असतं, खालचा कोपरा कापलेला असतो, फिल्म उलटी धरलेली असेल तर हृदय उजवीकडे जातं. उत्तर मात्र अगदी ठामपणे आणि गोड भाषेत येतं. टीबीच्या सॉफ्टवेअरची किमान थुंकीच्या तपासणीशी पडताळणी झालेली असते, या उत्तराची कशाशीच झालेली नसते. दुसरं मत हवंच असेल तर केंद्राकडून डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रेचं मूळ डिजिटल चित्र, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि ती रेडिओलॉजिस्टला दाखवा.

एआयचा आकडा वर आला तर पुढची पायरी थुंकीची तपासणी, गोळ्या नव्हेत. सरकारी केंद्रात ती फुकट होते. त्यासाठी सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका लागतो, तोंडातली लाळ चालत नाही. आणि आकडा कमी आला, पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त चाललाय, संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय, तर आकडा बाजूला ठेवून थुंकी तपासायचीच. जाताना जुनी फिल्म आणि आधीच्या टीबी उपचारांचं कार्ड घरात असेल तर तेही सोबत घ्या.